मावशी खोटं वाक्य सांगत नाही

विद्यापीठाच्या त्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर दगड शिकवतात, मधल्या मजल्यावर नकाशे आणि अगदी वर, जिथे दुपारी पत्रा तापून डोक्याची शेकोटी होते, तिथे भाषा. दारांवरच्या पाट्या भारदस्त आहेत, भूशास्त्र, भूगोल, भाषाशास्त्र वगैरे. पण जिन्यात भेटणारा प्रत्येक जण दगडवाले, नकाशावाले, भाषावाले असंच म्हणतो. दगडवाल्यांकडे मुलांची झुंबड. नकाशावाल्यांचंही बरं चाललेलं. भाषावाल्यांकडे मात्र मुलं इतकी कमी, की हजेरी घ्यायची गरजच नाही, नुसती मान वर केली की कोण आलं नाही ते कळतं.

तिन्ही मजल्यांवर जिला कुणी ‘कुठे चाललात?’ म्हणून हटकत नाही अशी बाई एकच, पिशव्यांची मावशी. दगड गोळा करायला डोंगरात जाणारी मुलं प्रत्येक दगड वेगळ्या कापडी पिशवीत घालतात, पिशवीला नाडी, नाडीला चिठ्ठी. प्लास्टिकची पिशवी चालत नाही, टोकदार दगड ती फाडून बाहेर येतो. त्या पिशव्या मावशी शिवायची. जाड मांजरपाट, दुहेरी शिवण, खालचे कोपरे आतून मुडपलेले. बुटकी, गोलमटोल, आवाज असा की तळमजल्यावर शिंकली तर वरच्या मजल्यावर कुणीतरी दचकावं. बाजारात नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, दुकानावर दोन खोल्या, खिडकीशी शिलाई मशीन. मुलगी शिकून दूरच्या शहरात नोकरीला गेलेली. एकंदरीत सुखी बाई. फक्त एक सल होता, तो पुढे सांगते.

एका दुपारी ती दगडवाल्या सरांच्या खोलीबाहेर पायरीवर बसून नव्या पिशव्या मोजत होती. आता मावशी बाजाराची भाषा फाडफाड बोलते, भांडते, भाव पाडते. पण मोजायची वेळ आली की तिची जीभ माहेरी जाते. वरून चहाचा कप घेऊन उतरणाऱ्या भाषेच्या बाई मधल्याच पायरीवर थबकल्या.

“मावशी, हे काय बोलताय?”

“बोलतेय कुठे? मोजतेय. आणि तुम्ही मध्येच हाक मारलीत, गेलं सगळं चुकून!”

मावशीनं पहिल्यापासून मोजलं. बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, “अजून एकदा मोजता का?” मावशीनं पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजायला सांगितलं तेव्हा दगडवाले सर दार उघडून बाहेर आले आणि काळजीनं म्हणाले, “कमी भरतायत का हो?”

झालं होतं असं, की भाषावाल्यांचा एक वेगळाच अभ्यासक्रम असतो. वर्षभर अशा एका माणसासमोर बसायचं ज्याची भाषा वर्गात कुणालाच येत नाही, बाईंनासुद्धा नाही. पुस्तक नाही, कोश नाही. विचारायचं, ऐकायचं, लिहून घ्यायचं आणि वर्षाअखेरीला त्या भाषेचं व्याकरण स्वतः मांडायचं. त्या वर्षी असा माणूसच मिळत नव्हता, आणि तो इतके दिवस खाली पायरीवर बसून पिशव्या मोजत होता.

“माझी भाषा? ती कोण शिकतंय!” मावशी इतकी हसली की ठसका लागला. डोंगरापलीकडच्या एका खोऱ्यात मूठभर घरांत बोलतात ती भाषा. हसत हसत ती घरी गेली, नवऱ्याला सांगितलं, तोही हसला. मग मात्र मशीनपाशी बसली आणि तिला ताईची आठवण आली, आणि हातातला चहा पार गार झाला.

हाच तो सल. मावशीची थोरली बहीण त्या खोऱ्यात एकटी राहते. मावशीनं खोऱ्याबाहेरचा नवरा केला तेव्हा ताईनं लग्नात मनापासून काम केलं, सगळ्यांना वाढलं आणि शेवटी ठणकावून सांगितलं, “तू माझ्याकडे हजारदा ये. मी तुझ्याकडे यायची नाही. तिथे मी बोलू कुणाशी? तू दिवसभर कामात. नवरा तुझा भला आहे, पण भल्या माणसाशी काय खुणा करत बसू? मुक्यासारखी भिंतीकडे बघत बसायला मला बोलावू नकोस.” आणि ताई म्हणजे ताई! शब्द फिरवेल ती ताई कसली. मावशी दरवर्षी दोन गाड्या बदलून तिच्याकडे जायची, पोटभर बोलून यायची. ताई एकदाही आली नाही. फोनचा उपयोग नाही, कारण तिला कमी ऐकू येतं, फोन कानाला लावला की ती नुसतंच “कोण? काय?” करते आणि ठेवून देते. नवऱ्यानं बायकोची भाषा शिकायचा एकदा प्रयत्न केला होता. त्यातून त्याच्याकडे दोनच गोष्टी उरल्या, ‘चहा’ आणि ‘गप्प बस’. मुलीला कळायचं सगळं, पण उत्तर बापाच्या भाषेत यायचं. आपल्या खिडकीशी ताई बसलीय, पाय पसरून बडबडतेय, एवढंच चित्र मावशीला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

तर मावशी वर्गात जाऊ लागली. पहिले काही दिवस मजेत गेले. नाक, कान, डोळा, खिडकी, छत्री. मुलं म्हणून बघायची, मावशी पोट धरून हसायची, परत म्हणायला लावायची. मग बाई वाक्यांवर आल्या आणि गाडी अडली.

“मावशी, ‘माणसानं कुत्र्याला मारलं’ हे कसं म्हणाल?”

“कुठल्या माणसानं?”

“कुठल्याही.”

“का मारलं मेल्यानं?”

“मारलं नाही हो. नुसतं म्हणायचं.”

मावशीनं बाईंकडे असं बघितलं, की जणू बाईंनीच कुत्र्याला लाथ घातली. “न घडलेलं म्हणायचं? नाही हं. ते मला जमायचं नाही.”

आता तुम्ही म्हणाल, काय सत्यवादी बाई! छे हो. बाजाराच्या भाषेत मावशी दिवसातून चारदा बिनदिक्कत खोटं बोलायची. ‘उद्या नक्की देते’, ‘धागा संपला होता’, ‘मी कालच आणणार होते, पाय दुखत होता’. पण माहेरच्या भाषेत तिच्या तोंडून कधी खोटं निघालं नाही. त्या खोऱ्यात माणसंच इतकी थोडी, की सकाळी कुणी थाप मारली तर दुपारपर्यंत ती सगळीकडे फिरून आईच्या कानावर यायची. लहानपणी तिनं गंमत म्हणून ‘ताई नदीत पडली’ असं ओरडून सांगितलं होतं. आई हातातलं काम टाकून अनवाणी नदीपर्यंत धावली. तेव्हापासून न घडलेलं त्या भाषेत बोलायचं म्हटलं, की मावशीची जीभच उचलत नसे.

बाई डोक्याला हात लावून बसल्या. त्यांच्या वर्गात एक मुलगी होती, तिचा हात कायम वर असायचा म्हणून तिचं नावच ‘शंका’ पडलं होतं. शंकेनं हात वर केला.

“बाई, मग घडवून आणू या ना!”

आणि तिथून त्या वर्गाचं नाटकघर झालं. ‘मुलानं मुलीला बिस्किट दिलं’ हे वाक्य हवं असेल तर दाढीवाला मुलगा उठून शंकेला बिस्किट द्यायचा, मावशी नीट बघायची आणि मगच वाक्य सांगायची. ‘मुलगा खुर्चीवरून पडला’ यासाठी दाढीवाला खरोखर पडला, आणि पडला तो असा की खाली दगडवाल्यांच्या कपाटातले नमुने खडखडले. सर धापा टाकत वर आले, दारातून डोकावले. मावशीनं लगेच वाक्य दिलं, “दगडवाले सर दारातून डोकावतात.” मुलांनी तेही लिहून घेतलं. जे घडवून आणता येत नव्हतं ते मावशी स्वतःच्या घरातलं सांगायची, कारण ते खरंच असायचं. “माझा नवरा घोरतो.” “माझ्या मशीनची सुई मोडली.” “माझी मुलगी फोन करते आणि घाईत ठेवते.” या शेवटच्या वाक्यानंतर ती एक लांब उसासा टाकायची. मुलांना वाटलं, तोही वाक्याचाच भाग आहे, आणि सगळे इमानेइतबारे उसाशासकट म्हणायला लागले.

हळूहळू मुलं तिच्या घरीही येऊ लागली. चहा प्यायचा, मशीनच्या आवाजात बोलायचं, घोरणारा नवरा म्हणजे हाच का ते बघायचं. नवरा बिचारा भिंगातून घड्याळ बघता बघता लाजायचा.

मग एक दिवस बाईंनी सहज म्हणून फळ्यावर लिहिलं. वाक्यात नातं हवं होतं, येणं हवं होतं, घर हवं होतं, एवढाच त्यांचा हेतू. “मावशी, ‘माझी बहीण माझ्या घरी आली’, हे सांगता?”

 मावशी खालमानेनं म्हणाली, “हे घडलेलं नाही.”

“घडवू या की!” दाढीवाला उठलासुद्धा.

“हे तुमच्यानं नाही रे घडायचं, बाळा.” मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते सरळ हातानं पुसलं आणि सगळं सांगितलं, ताईचं बोलणं, मुक्यासारखं बसणं, सगळं.  शेवटी ती म्हणाली, “खरं आहे ते सांगते, ते लिहा.” आणि तिनं तिच्या भाषेत सांगितलं, “माझी बहीण माझ्या घरी आली नाही.” मुलांनी ते लिहिलं, पाठ केलं, वळणासकट अगदी तिच्यासारखं म्हटलं. ‘माझी बहीण माझ्या घरी आली’ ही ओळ बाईंनी फळ्यावर तशीच ठेवली आणि तिच्यापुढे मावशीच्या भाषेसाठी जागा रिकामी सोडली. पुसणाऱ्याला सांगितलं, एवढी ओळ पुसायची नाही.

वर्ष संपत आलं तेव्हा दगडवाल्यांची सहल निघाली. एका खोऱ्यात नदीकाठचा डोंगर उघडा पडलाय, तिथे दगडांचे थर चादरीसारखे दुमडलेले दिसतात, ते बघायला सर दरवर्षी मुलांना नेतात. खोऱ्याचं नाव ऐकून मावशी पिशव्यांच्या गठ्ठ्यासकट उभी राहिली. “अहो, ते माझं माहेर!” सरांनी तिला नकाशावाल्यांकडे नेलं. त्यांनी भलामोठा नकाशा टेबलावर पसरला. मावशीला काही केल्या गाव सापडेना. मग तिनं टेबलाला वळसा घातला, उलट्या बाजूनं बघितलं आणि बोट ठेवलं. “आमच्या दारातून नदी अशी दिसते!” नकाशावाले सर खूश होऊन टेबलाच्या त्या बाजूला जाऊन स्वतः बघून आले. गाडी जुन्या पुलापर्यंत जाईल, पुढे चढण, असं त्यांनी समजावलं. भाषेच्या बाईंनी संधी साधली. त्यांची मुलं मागच्या बाकांवर मावतात, त्यांनाही घ्या म्हणाल्या.

गाडीत मावशीनं मुलांना बजावलं, “ताईसमोर शहाणपणा करायचा नाही. मोठ्यानं बोलायचं, तिला कमी ऐकू येतं. आणि खोटं तर अजिबात नाही.” पुलाशी उतरल्यावर दगडवाली मुलं हातोड्या घेऊन नदीकडे पांगली. भाषेची मुलं चढण चढून पुढे पळाली. मावशीला दम लागला, ती बाईंचा हात धरून मागून येत होती.

अर्ध्या चढणीवर तिला वरून आवाज ऐकू आला. दाढीवाल्याचा भरदार आवाज, तिच्याच भाषेत, तिच्याच हेलात, सबंध खोऱ्याला ऐकू जाईल असा.

“माझा नवरा घोरतो!”

मावशी जागच्या जागी थिजली. तिच्या लक्षात आलं तसा तिनं कपाळाला हात लावला. वर्षभर मुलांना तिनं खरी वाक्यं दिली होती, आणि ती सगळी तिची होती. मुलांकडे स्वतःचं असं एकही वाक्य नव्हतं.

“माझ्या मशीनची सुई मोडली!” दुसरा ओरडला.

“मुलगा खुर्चीवरून पडला!”

“माझी मुलगी फोन करते आणि घाईत ठेवते!” आणि पाठोपाठ सगळ्यांचा मिळून एक लांब उसासा.

मावशी पडत-धडपडत वर पोचली. दारात ताई वाटाणे सोलत बसली होती, वाटाणे सगळे अंगणभर सांडले होते आणि ताई हसून हसून बेजार. “तुझा नवरा? तुझा?” असं ती दाढीवाल्याच्या दाढीला हात लावून विचारत होती, आणि तो प्रामाणिकपणे मान हलवत होता, म्हणजे नाही म्हणत होता की हो, हे त्याचं त्यालाच माहीत. वर्षानुवर्षं परकं कुणी तिच्या दारात येऊन तिच्या भाषेत बोललं नव्हतं. आता एकामागून एक घसा फोडून बोलत होते.

तेवढ्यात शंका पुढे झाली. तिला सगळ्यांत चांगलं पाठ असलेलं वाक्य तिनं मोठ्यानं, स्वच्छ म्हटलं.

“माझी बहीण माझ्या घरी आली नाही!”

ताईचं हसू थांबलं.  ताईनं वर बघितलं, तर समोर बहीण, धापा टाकत, केस विस्कटलेली.

“हे तू शिकवलंस यांना?”

“मग काय खोटं शिकवू?” मावशी म्हणाली.

ताईनं शंकेला विचारलं, “तू कुठे राहतेस?”

शंकेनं शब्द शोधले, एकेक चाचपत जोडले. “मावशीच्या घराजवळ.”

“तिच्याकडे जातेस?”

“जाते. चहा पिते. बोलते.” आणि इतरांकडे हात करून, “हे पण येतात.”

ताई उठली, आत गेली. मावशीला वाटलं, रागावली; आता एवढंही संपलं. ती नुसती उंबऱ्याकडे बघत राहिली, बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. आत डबे वाजले, कपाट वाजलं. मग ताई बाहेर आली ती बगलेत गाठोडं घेऊन. शेजारणीला हाक मारून म्हणाली, “माझ्या शेळ्या बघ गं! मी बहिणीकडे चालले, तिथे बोलायला माणसं आहेत!” आणि मावशीकडे वळून, “उभी काय राहिलीस खांबासारखी? कुलूप लाव.”

मावशी रडली, हसली आणि कुलूप उलटं लावून बसली.

पुलाशी नवीनच पेच. गाडी पिशव्यांनी गच्च भरलेली, आणि ड्रायव्हरमागच्या सीटवर सरांनी एक अखंड शिळा ठेवलेली, सुंदर दुमडलेल्या थरांची, इमारतीच्या दारात मांडायला. तिच्या प्रेमातच पडले होते ते. ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, एक तर दगड, नाही तर आजी.” सरांनी शिळेकडे बघितलं. ताईकडे बघितलं. मग खोल श्वास घेऊन म्हणाले, “हा दगड कोट्यवधी वर्षं इथे थांबलाय, अजून एक वर्ष थांबेल.” दाढीवाल्यानं आणि त्यांनी मिळून शिळा खाली उतरवली. ताई ऐटीत त्या जागेवर बसली आणि रस्ताभर सरांना विचारत राहिली, की आमच्याकडचे इतके दगड नेताय, ते परत कधी आणणार. शंका तुटकं-तुटकं भाषांतर करत होती. सरांनी गंभीरपणे सांगितलं, बघून झाले की लगेच.

मावशीनं वाटेतून फोन केला होता, त्यामुळे घरी दारात नवरा उभा होता, घाबराघुबरा. मेव्हणीचं स्वागत तिच्याच भाषेत करायचं त्यानं ठरवलं होतं. तो हात जोडून म्हणाला, “चहा!” आणि मग, आणखी काहीतरी बोलायलाच हवं म्हणून, “गप्प बस!”

 तिथेच उंबऱ्यात बसून ताईनं जे हसायला सुरुवात केली, ते समोरच्या दुकानदारानं बाहेर येऊन बघावं इतकं. “अगं, हा तर उत्तम बोलतो! तू म्हणालीस येत नाही!” मग ती खिडकीशी बसली, पाय पसरले, आणि चहा येईपर्यंत आणि आल्यावरही बोलत राहिली. मावशी समोर नुसती बघत बसली. त्या दिवशी तिनं मशीनला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी वर्गात गेली ती ताईला घेऊन. जिने चढताना ताईनं तिन्ही मजल्यांना नावं ठेवली. मुलांनी तिला मागच्या बाकावर मानाची जागा दिली. मावशी फळ्यापाशी गेली, त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि बाईंना म्हणाली, “लिहा आता.” मग तिनं वाक्य सांगितलं. तिच्या भाषेत, शब्दन् शब्द सुटा.

“माझी बहीण माझ्या घरी आली.”

बाईंचा खडू मोडला. दुसरा घेऊन त्यांनी लिहिलं.

“काय म्हणाली?” ताईनं कानामागे हात धरून विचारलं.

शंका उठली, दाढीवाला उठला, सगळाच वर्ग उठला आणि सगळ्यांनी मिळून ताईला ओरडून सांगितलं, इतक्या जोरानं की खालच्या मजल्यांवरची दारं उघडली.

“माझी बहीण माझ्या घरी आली!”

“आले ना,” ताई म्हणाली, “मग ओरडता कशाला? बसा खाली, आणि एकेकानं बोला. मला घाई नाही.”